घरातील पहिला डॉक्टर होऊ पाहणाऱ्यांसाठी: अल्पसंख्याक व मागास समाजातील नीट-विद्यार्थ्यांना आधार कुठे आणि कसा मिळतो

माझे अब्बा सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी गाद्या आणि रजया भरून देण्याचे काम करतात. आम्ही धर्माने मुसलमान आणि जातीने पिंजारी. दहावीला चांगले गुण पडल्यावर मुलीला डॉक्टर करायचे असे घरात ठरले. पण ते ठरल्यानंतर नेमके काय करायचे असते हे सांगू शकेल असा एकही माणूस आमच्या नात्यागोत्यात नव्हता. पहिल्या प्रयत्नात मला नीटमध्ये, म्हणजे वैद्यकीय प्रवेशाच्या देशव्यापी परीक्षेत, जे गुण मिळाले, त्या गुणांवर ओबीसी प्रवर्गातून शासकीय महाविद्यालयात जागा मिळू शकली असती. जात वैधता प्रमाणपत्र, म्हणजे जातीचा दाखला तपासून तो खरा असल्याचे सांगणारा कागद, मात्र हातात नव्हते. माझी गणना खुल्या प्रवर्गात झाली, तिथे ते गुण पुरले नाहीत आणि एक वर्ष गेले. पुढच्या वर्षी प्रवेश झाला आणि आज मी अंतिम वर्षाला आहे. तेव्हापासून गावाकडची मुले-मुली आणि त्यांचे पालक दर उन्हाळ्यात मला तेच प्रश्न विचारतात. त्या उत्तरांना इथे क्रम लावला आहे.

एक गोष्ट आधीच सांगते. या वाटेवर अभ्यास कमी पडल्यामुळे जितकी मुले मागे राहतात, त्यांच्याशी बरोबरी करतील इतकी मुले कागद उशिरा मिळाल्याने आणि वेळेवर विचारायला माणूस न भेटल्याने मागे राहताना मी पाहिली आहेत. म्हणून पुस्तकांच्या आधी कागदांविषयी लिहिते आहे.

१. तुम्ही नेमक्या कोणत्या यादीत बसता ते आधी ओळखा

'अल्पसंख्याक' आणि 'मागासवर्गीय' हे दोन शब्द आपल्याकडे सर्रास एकाच अर्थाने वापरले जातात आणि गोंधळाची सुरुवात तिथूनच होते. महाराष्ट्रात मुस्लिम, बौद्ध, ख्रिस्ती, जैन, शीख, पारशी आणि ज्यू हे धार्मिक अल्पसंख्याक समाज आहेत. केवळ या नात्याने शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात राखीव जागा मिळत नाही. २०१४ मध्ये मुस्लिम समाजातील काही घटकांसाठी ५ टक्के आरक्षणाचा अध्यादेश निघाला होता, पण त्याचा कायदा झाला नाही. तरीही 'आपले ते पाच टक्के' अजून मिळतात असे समजणारे पालक मला आजही भेटतात. अल्पसंख्याक असण्याचा उपयोग प्रामुख्याने शिष्यवृत्ती, शैक्षणिक कर्ज आणि अल्पसंख्याक दर्जा असलेल्या खासगी महाविद्यालयांतील जागा या तीन ठिकाणी होतो.

आरक्षण जातीच्या किंवा जमातीच्या यादीवरून मिळते. पिंजारी, तांबोळी, मोमीन अशा अनेक मुस्लिम जाती राज्याच्या ओबीसी यादीत आहेत. अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांचा समावेश राज्यात ओबीसींमध्ये होतो. नवबौद्धांना अनुसूचित जातीच्या सवलती मिळतात. तडवी भिल्लांसारखे मुस्लिम धर्म पाळणारे आदिवासी अनुसूचित जमातीत येतात, कारण जमातीचा दर्जा धर्मावर अवलंबून नसतो. 'आपण मुसलमान, आपल्याला कसली जात' असे म्हणून वडीलधाऱ्यांनी हा विषय कधीच काढलेला नसतो. संकोच बाजूला ठेवून घरी विचारा.

याद्याही दोन असतात: एक राज्याची आणि एक केंद्राची. राज्याच्या ८५ टक्के जागांसाठी राज्याचे प्रवर्ग लागू होतात: अनुसूचित जाती १३ टक्के, अनुसूचित जमाती ७ टक्के, विमुक्त जाती ३ टक्के, भटक्या जमातींचे तीन गट मिळून ८ टक्के, ओबीसी १९ टक्के आणि त्यांशिवाय एसईबीसी (सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास वर्ग) व आर्थिक दुर्बल घटक. शासकीय महाविद्यालयांतील १५ टक्के अखिल भारतीय जागांसाठी केंद्राचे प्रवर्ग लागू होतात: अनुसूचित जाती १५ टक्के, अनुसूचित जमाती ७.५ टक्के, ओबीसी २७ टक्के, आर्थिक दुर्बल घटक १० टक्के. केंद्राकडे विमुक्त आणि भटक्या जमातींसाठी वेगळा रकाना नाही. राज्यात 'एनटी', म्हणजे भटक्या जमातीत, असलेल्या विद्यार्थ्याची जात केंद्राच्या ओबीसी यादीत असेल, तर त्याने केंद्राच्या अर्जात 'ओबीसी' असे लिहायचे असते. हे ठाऊक नसल्यामुळे तिथे 'खुला' लिहून मोकळा झालेला एक धनगर मुलगा मला आठवतो.

२. कागदपत्रे: अकरावीत प्रवेश घेतलात त्याच महिन्यात सुरुवात करा

प्रवेशाच्या वेळी सर्वसाधारणपणे हे कागद लागतात:

– दहावी आणि बारावीच्या गुणपत्रिका व प्रमाणपत्रे
– शाळा किंवा महाविद्यालय सोडल्याचा दाखला
– वय, राष्ट्रीयत्व व अधिवास प्रमाणपत्र
– जातीचे प्रमाणपत्र, राज्याच्या नमुन्यात आणि केंद्राच्या नमुन्यातही
– जात वैधता प्रमाणपत्र
– नॉन-क्रिमीलेअर, म्हणजे कुटुंब उन्नत गटात मोडत नसल्याचे प्रमाणपत्र (अनुसूचित जाती व जमाती वगळून इतर मागास प्रवर्गांसाठी)
– शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला
– आधार कार्ड आणि आधारशी जोडलेले स्वतःच्या नावाचे बँक खाते
– नीटचे प्रवेशपत्र व निकालपत्र
– वैद्यकीय तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र
– पासपोर्ट आकाराचे फोटो, नीटच्या अर्जावर लावले तेच, भरपूर प्रतींत

राज्याच्या जागांसाठी अधिवासाबरोबरच दहावी आणि बारावी महाराष्ट्रातून झालेली असणेही सामान्यतः आवश्यक असते. सोलापूर, अक्कलकोट किंवा सांगली-जत भागातली काही मुले शिकवणीसाठी कर्नाटकात जाऊन तिथूनच बारावी करतात. तो निर्णय घेण्यापूर्वी हा नियम नीट वाचा.

या यादीतील बहुतेक कागद सेतू किंवा महा ई-सेवा केंद्रातून काही आठवड्यांत हाती पडतात. अर्जाची पावती मात्र न विसरता घ्यावी, कारण महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ मुळे या दाखल्यांना मुदतीचे बंधन आहे आणि ती मुदत पावतीवरूनच मोजली जाते. खरी परीक्षा घेतो तो एकच कागद, जात वैधता प्रमाणपत्र, आणि त्याच्याविषयी जरा सविस्तर लिहिणे भाग आहे.

जातीचे प्रमाणपत्र उपविभागीय अधिकारी देतात. ते खरे आहे की नाही हे तपासण्याचे काम जिल्हा जात प्रमाणपत्र पडताळणी समितीचे असते आणि व्यावसायिक अभ्यासक्रमाच्या राखीव जागेसाठी तिचे प्रमाणपत्र लागते. तुमचे कुटुंब एका ठरावीक तारखेपूर्वीपासून महाराष्ट्रात राहत होते आणि त्या जातीचे होते, हे समिती पाहते. अनुसूचित जातींसाठी ती तारीख १० ऑगस्ट १९५०, अनुसूचित जमातींसाठी ६ सप्टेंबर १९५०, विमुक्त जाती व भटक्या जमातींसाठी २१ नोव्हेंबर १९६१ आणि ओबीसींसाठी १३ ऑक्टोबर १९६७ आहे. याला मानीव दिनांक म्हणतात. त्या तारखेच्या आधीचा, वडिलांचा, आजोबांचा, चुलत आजोबांचा किंवा पणजोबांचा, जातीची स्पष्ट नोंद असलेला कागद शोधणे हे यातील निम्म्याहून अधिक काम आहे.

मुस्लिम कुटुंबांची अडचण इथेच उभी राहते. जुन्या शाळांनी दाखल्यावर जातीच्या रकान्यात सरळ 'मुसलमान' लिहिलेले असते. माझ्या अब्बांच्या दाखल्यावर तेच होते, चुलत्यांच्याही. आजोबा शाळेत गेलेच नव्हते. अखेरीस तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गाव नमुना १४, म्हणजे ज्याला गावात कोतवाल बुक म्हणतात ती जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही, तिच्यात आजोबांच्या थोरल्या बहिणीच्या जन्माची नोंद सापडली आणि तिच्यापुढे 'पिंजारी' असे लिहिलेले होते. ती नोंद मोडी लिपीत होती. तिचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून करून, त्याच्या सहीशिक्क्यासह जोडावे लागले. शोधताना या ठिकाणी पाहावे: आजोबा-पणजोबांच्या प्राथमिक शाळेतील प्रवेश-निर्गम नोंदवहीचा उतारा, कोतवाल बुक, जमिनीचे जुने फेरफार, खरेदीखते आणि सरकारी नोकरीत असलेल्या नातेवाइकांची सेवापुस्तके. कापूस पिंजणे, विड्याची पाने विकणे असा व्यवसाय नोंदलेला कागद सापडला, तर तोही पूरक म्हणून जोडावा. मात्र स्पष्ट जात लिहिलेल्या नोंदीची जागा तो घेऊ शकत नाही.

वडिलांकडच्या रक्ताच्या नात्यातील कोणाला आधीच वैधता प्रमाणपत्र मिळालेले असेल, तर त्याच्यासारखा पुरावा नाही. चुलते, आत्या, चुलत भावंडे यांच्याकडे चौकशी करा. आईकडचे कागद इथे उपयोगी पडत नाहीत, हे अनेकांना ऐनवेळी कळते.

अर्ज ऑनलाइन भरून, त्याची छापील प्रत पुराव्यांसह आपल्या जिल्ह्याच्या समितीकडे द्यायची असते. त्याला अकरावी-बारावीच्या महाविद्यालयाचे पत्र, वंशावळीचे शपथपत्र आणि पुरावे खरे असल्याचे शपथपत्र जोडावे लागते. बारावी विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठी पुष्कळ महाविद्यालये एकत्रित अर्ज पाठवतात. तुमच्या महाविद्यालयात हे काम कोणता लिपिक पाहतो ते पहिल्याच आठवड्यात विचारून ठेवा. पुराव्याने समितीचे समाधान झाले नाही, तर दक्षता पथक घरी आणि गावात चौकशीला येते. घाबरण्याचे कारण नाही. पण घरातल्या सर्वांना वंशावळ सारखीच सांगता आली पाहिजे.

आदिवासी विद्यार्थ्यांची समिती वेगळी असते. तिच्यासमोर कुटुंबाचे रीतिरिवाज, देवदैवते, बोली यांविषयीचे प्रश्न, म्हणजे आप्तभाव चाचणी, हा कळीचा मुद्दा ठरत आला आहे. ही चाचणी म्हणजे अंतिम कसोटी नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२३ च्या निकालात स्पष्ट केले आहे. तुमच्याकडे १९५० पूर्वीचा ठोस कागद असेल, तर हा निकाल ठाऊक असलेला माणूस सोबत असणे उपयोगाचे ठरते.

या पायरीवरचे सापळे थोडक्यात सांगते. आडनाव एका कागदावर 'नदाफ' आणि दुसऱ्यावर 'पिंजारी' असेल, किंवा वडिलांचे नाव एकीकडे 'महंमद' आणि दुसरीकडे 'मोहम्मद' असेल, तर ती तफावत अर्जाआधीच शपथपत्राने किंवा राजपत्रातील बदलाने मिटवून घ्या. 'साहेबांशी ओळख आहे, वैधता काढून देतो' म्हणणाऱ्या दलालाला मूळ कागद कधीही देऊ नका. खोटा पुरावा जोडला गेला तर जागा तर जातेच, शिवाय गुन्हाही दाखल होऊ शकतो. आणि शासन मुदतवाढ देईल या भरवशावर राहू नका. काही वर्षी ती मिळाली आहे. माझ्या वर्षी माझ्यासाठी ती पुरेशी ठरली नाही.

नॉन-क्रिमीलेअरचे गणित सोपे आहे, पण त्याची तारीख दगा देते. प्रमाणपत्राची मुदत आर्थिक वर्षाशी बांधलेली असते, म्हणून ३१ मार्चनंतर तुमच्याकडचे प्रमाणपत्र अजून चालते का ते पाहावे. केंद्राच्या जागांसाठी चालू आर्थिक वर्षात, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेले आणि केंद्राच्याच नमुन्यातले प्रमाणपत्र लागते. नवबौद्ध विद्यार्थ्यांनी केंद्राच्या नमुन्यातील दाखल्यावर मूळ अनुसूचित जातीचे नाव आले आहे, नुसते 'बौद्ध' लिहिलेले नाही, याची खात्री करून घ्यावी.

३. विनामूल्य शिकवणी कुठे मिळते

मोठ्या शहरांतील शिकवण्यांचे शुल्क आमच्यासारख्या घराला पेलणारे नसते. त्यासाठी जमीन विकण्याआधी किंवा सोने गहाण टाकण्याआधी पुढील दारे ठोठवा.

ओबीसी, विमुक्त जाती, भटक्या जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी नागपूरची महाज्योती संस्था नीट, जेईई आणि सीईटीचे ऑनलाइन प्रशिक्षण देते व त्यासोबत टॅब आणि रोज ६ जीबी इंटरनेटही पुरवते. दहावीच्या निकालानंतर तिची जाहिरात येते. नॉन-क्रिमीलेअरची अट असते; मुस्लिम ओबीसी यात पूर्णपणे पात्र आहेत, तरी आपल्याकडून अर्ज फार थोडे जातात. अनुसूचित जातींसाठी पुण्याची बार्टी, आदिवासींसाठी पुण्यातीलच आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था आणि मराठा-कुणबी समाजासाठी सारथी या संस्था आहेत. त्यांच्या योजना वर्षागणिक बदलतात, म्हणून मे ते ऑगस्ट या काळात त्यांची संकेतस्थळे दर आठवड्याला पाहण्याची सवय लावून घ्या. गेल्या वर्षीच्या जाहिरातीवर विसंबून राहू नका.

शासनाबाहेरची दोन नावे मी आवर्जून सांगते. पुण्याच्या बी. जे. वैद्यकीय महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी उभा केलेला 'लिफ्ट फॉर अपलिफ्टमेंट' हा उपक्रम गरीब विद्यार्थ्यांना नीटसाठी विनामूल्य शिकवतो आणि मेळघाटासारख्या आदिवासी भागातील मुलांसाठी त्याने 'उलगुलान' नावाची तुकडीही चालवली आहे. शिकवणारे स्वतः डॉक्टर किंवा डॉक्टर होऊ घातलेले असल्याने तिथे अभ्यासाबरोबर पुढच्या वाटेचीही माहिती मिळते. दुसरी संस्था दक्षणा. पुणे जिल्ह्यातील खेड तालुक्यात कडूस गावाजवळ तिचे निवासी केंद्र आहे आणि निवड परीक्षेतून घेतलेल्या गरीब विद्यार्थ्यांना तिथे राहण्या-जेवण्यासह विनामूल्य तयारी करून घेतली जाते.

खासगी शिकवण्या स्वतःच्या शिष्यवृत्ती परीक्षा घेतात आणि '९० टक्के सवलत' जाहीर करतात. सवलत कशावर आहे, ते लेखी घ्या. वसतिगृह, साहित्य, चाचण्या यांचे पैसे वेगळे लागून एकूण रक्कम पुन्हा तिथेच गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. मूळ दाखले किंवा कोरे धनादेश मागणाऱ्या ठिकाणी पायच ठेवू नका.

४. अभ्यासाची साधने आणि भाषेचा प्रश्न

नीटला ७२० गुण असतात: भौतिकशास्त्राचे ४५, रसायनशास्त्राचे ४५ आणि जीवशास्त्राचे ९० प्रश्न, बरोबर उत्तराला ४ गुण आणि चुकीला १ गुण वजा. निम्मा पेपर जीवशास्त्राचा आहे आणि त्याचा पाया एनसीईआरटीचे, म्हणजे राष्ट्रीय शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषदेचे, पुस्तक आहे. ही पुस्तके परिषदेच्या संकेतस्थळावरून विनामूल्य उतरवता येतात. जुनी पुस्तके वापरणाऱ्यांनी एक काळजी घ्यावी. २०२४ च्या परीक्षेपासून अभ्यासक्रमात बराच बदल झाला आहे, त्यामुळे थोरल्या चुलतभावाची पुस्तके मिळाली तर आधी नव्या अभ्यासक्रमाशी ताडून गाळलेल्या प्रकरणांवर पेन्सिलीने रेघ मारा.

सरावासाठी शिक्षण मंत्रालय आणि आयआयटी कानपूर यांचे 'साथी' हे व्यासपीठ २०२३ पासून विनामूल्य उपलब्ध आहे.

आता भाषेविषयी. नीटची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, मात्र महाराष्ट्रातील केंद्रांवरच. उर्दू प्रश्नपत्रिका देशभर मिळते. अर्जात निवडलेली भाषा परीक्षेच्या दिवशी बदलता येत नाही आणि भाषांतरात शंका आल्यास इंग्रजी प्रश्नच अंतिम मानला जातो. माझे मत असे की मराठी किंवा उर्दू माध्यमातून आलेल्यांनी अकरावीतच इंग्रजीकडे वळावे, कारण अकरावी-बारावी विज्ञान आणि सरावाचे जवळजवळ सगळे साहित्य इंग्रजीत आहे. हे वळण पहिले सहा महिने फार जड जाते. दहावीपर्यंत 'तंतुकणिका' म्हणत आलो ती अचानक 'मायटोकॉन्ड्रिया' होते आणि वर्गात सर्वांना ते आधीपासून ठाऊक असल्यासारखे वाटते. मी एका शंभर पानी वहीत डावीकडे मराठी आणि उजवीकडे देवनागरीत लिहिलेली इंग्रजी संज्ञा अशी यादी केली होती. दिवाळीपर्यंत ती वही भरली आणि त्यानंतर तिची गरज उरली नाही.

५. विचारायला माणूस शोधा

वर्गातल्या डॉक्टरांच्या मुलांकडे असलेली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे जेवताना घरात होणारी बोलणी. कोणत्या फेरीत थांबावे, कोणत्या महाविद्यालयात रुग्ण जास्त येतात, कोणता बाँड (पदवीनंतर सेवा करण्याचे बंधपत्र) कशासाठी, हे सगळे त्यांच्या कानांवर सहज पडत असते. आपल्याला ते मुद्दाम जाऊन विचारावे लागते, आणि ज्या घरात मोठ्यांना उलट प्रश्न विचारायची सवय नसते तिथल्या मुलांना तेच सर्वांत कठीण जाते.

मला माणूस मिळाला तो असा: तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात बंधपत्राची सेवा करणाऱ्या एक तरुण डॉक्टर बाई होत्या. आईला तापासाठी घेऊन गेले असताना मी त्यांना सरळ विचारले की, मॅडम, तुम्ही वैधता कधी काढली होती. त्या हसल्या आणि बाह्यरुग्ण विभाग संपल्यावर यायला सांगितले. शासकीय महाविद्यालयांतून पदवी घेतलेल्यांना एक वर्षाची ग्रामीण सेवा करावी लागते, त्यामुळे प्राथमिक आरोग्य केंद्रे व ग्रामीण रुग्णालयांत नुकतेच शिकून आलेले डॉक्टर भेटतात. त्यांना प्रवेशाचे नियम ताजे आठवत असतात. दुपारी दोननंतर जा, प्रश्न कागदावर लिहून न्या, दहा मिनिटांत आवरा.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांतून आंबेडकर जयंती, फुले जयंती, आदिवासी दिन साजरे करणारे विद्यार्थ्यांचे गट असतात. प्रवेशाच्या दिवसांत तेच गट नव्या मुलांसाठी मदतीचे टेबल लावतात. समाजाच्या गुणगौरव समारंभात केवळ शाल-श्रीफळ घेऊन परतू नका. मागच्या वर्षी सत्कार झालेल्यांचे क्रमांक आयोजकांकडून मागून घ्या. समाजमाध्यमांवरचे मार्गदर्शक गट उपयोगी असतात, पण तिथले अर्धे सल्ले जागा विकणाऱ्यांचे असतात. 'व्यवस्थापन कोट्यात कमी पैशांत जागा आहे' असा निरोप आला की गट सोडा.

६. नीटचा अर्ज

अर्ज राष्ट्रीय चाचणी संस्थेच्या संकेतस्थळावर सर्वसाधारणपणे फेब्रुवारी-मार्चमध्ये भरले जातात आणि परीक्षा मेच्या पहिल्या रविवारी होते. २०२५ च्या परीक्षेला खुल्या प्रवर्गासाठी १,७०० रुपये, ओबीसी व आर्थिक दुर्बल घटकांसाठी १,६०० रुपये आणि अनुसूचित जाती, जमाती व दिव्यांगांसाठी १,००० रुपये शुल्क होते. बारावीला भौतिक, रसायन, जीवशास्त्रात मिळून खुल्या प्रवर्गाला ५० टक्के आणि राखीव प्रवर्गांना ४० टक्के गुण लागतात. केवळ नीटकडे पाहून बोर्डाकडे दुर्लक्ष करणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

अर्ज स्वतः भरा किंवा केंद्रचालकाच्या शेजारी बसून भरून घ्या. मोबाइल क्रमांक आणि ईमेल स्वतःचा द्या. केंद्रचालकाने आपलाच क्रमांक घातल्यामुळे पुढे परवलीचा संकेतांक त्याच्या फोनवर जातो आणि प्रवेशफेरीच्या शेवटच्या रात्री त्याचे दुकान बंद असते, ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की तिची आता गोष्टच झाली आहे.

हिजाब किंवा पगडी यांसारखा पोशाख असणाऱ्यांनी परीक्षा केंद्रावर तपासणीसाठी लवकर पोहोचावे. माहितीपुस्तिकेत तशी सूचना असते. मी दीड तास आधी गेले होते. महिला कर्मचाऱ्यांनी पडद्याआड तपासणी केली आणि काहीही अडचण आली नाही.

७. प्रवेशाच्या फेऱ्या

दोन वेगवेगळ्या नोंदण्या करायच्या असतात, आणि एक केली म्हणजे दुसरी आपोआप होत नाही. अखिल भारतीय जागा, एम्स व अभिमत विद्यापीठे (विद्यापीठाचा दर्जा मिळालेल्या संस्था) यांसाठी एमसीसीकडे, म्हणजे केंद्राच्या वैद्यकीय समुपदेशन समितीकडे, आणि राज्याच्या जागांसाठी राज्याच्या सीईटी (सामाईक प्रवेश परीक्षा) कक्षाकडे. एमसीसीच्या नोंदणीत खुल्या प्रवर्गाला १,००० आणि राखीव प्रवर्गांना ५०० रुपये न परतणारे शुल्क, त्याशिवाय अनुक्रमे १०,००० व ५,००० रुपये अनामत असते. अभिमत विद्यापीठांचा पर्याय निवडला की अनामत २ लाखांवर जाते, म्हणून तिथे बोट ठेवण्याआधी विचार करा. काही अभिमत विद्यापीठांत मुस्लिम किंवा जैन अल्पसंख्याक जागा दिसतात. वार्षिक शुल्क पाहिल्यावर तुम्ही ते पान बहुधा स्वतःच मिटाल.

राज्यातील अल्पसंख्याक दर्जाच्या खासगी महाविद्यालयांत धार्मिक किंवा भाषिक अल्पसंख्याकांसाठी जागा असतात. त्यासाठी शाळा सोडल्याच्या दाखल्यावरील धर्माची किंवा मातृभाषेची नोंद पाहिली जाते. ती कोरी असेल तर अकरावीतच शाळेत जाऊन दुरुस्तीची चौकशी करा.

पसंतीक्रम भरताना तुम्हाला जिथे शिकायचे आहे त्याच क्रमाने महाविद्यालये लिहा. 'मिळेल ते आधी' असा क्रम लावला तर वरची जागा हक्काची असूनही हातची जाते. राज्याच्या पहिल्या फेरीत मिळालेल्या जागेवर समाधानी असाल तरच जागा कायम ठेवण्याचा, म्हणजे स्टेटस रिटेन्शनचा अर्ज भरावा. तो भरला की पुढच्या फेऱ्यांतून तुम्ही बाहेर पडता. माझ्यासोबतच्या एका मुलीने तो उपस्थितीचा अर्ज समजून भरला होता.

८. पैसा

प्रवेश मिळाल्यावर महाडीबीटी या राज्य शासनाच्या शिष्यवृत्ती-संकेतस्थळावर दरवर्षी अर्ज करायचा असतो. पहिल्या वर्षी केला म्हणून पुढची वर्षे आपोआप होत नाहीत. अनुसूचित जातींसाठी भारत सरकारच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीची उत्पन्नमर्यादा २.५ लाख रुपये आहे. ओबीसी, एसईबीसी आणि आर्थिक दुर्बल घटकांतील मुलींना, कुटुंबाचे उत्पन्न ८ लाखांपर्यंत असल्यास, २०२४-२५ पासून शिक्षण व परीक्षा शुल्कात पूर्ण माफी आहे. आरक्षणात न बसणाऱ्या अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठी उच्च व व्यावसायिक शिक्षणाची राज्य अल्पसंख्याक शिष्यवृत्ती आहे आणि मौलाना आझाद अल्पसंख्याक आर्थिक विकास महामंडळ कमी व्याजाने शैक्षणिक कर्ज देते. त्यासाठी जामीनदार लागतो. तो उन्हाळ्यातच शोधून ठेवा.

राहण्या-जेवण्याचा खर्च शुल्काहून वेगळा असतो आणि तोच घराला टोचतो. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मोठ्या शहरांत तिची रक्कम वर्षाला ६०,००० रुपयांपर्यंत जाते आणि वैद्यकीय विद्यार्थ्यांना साहित्यासाठी आणखी ५,००० रुपये मिळतात. आदिवासींसाठी स्वयंम आणि ओबीसी व भटक्या-विमुक्तांसाठी ज्ञानज्योती सावित्रीबाई फुले आधार योजना त्याच धर्तीवर आहेत. रक्कम हप्त्यांनी आणि अनेकदा उशिरा येते. पहिल्या सत्राचा खर्च हाताशी ठेवूनच घराबाहेर पडा.

संस्था स्तरावरच्या किंवा व्यवस्थापन कोट्यातील जागेला शुल्कप्रतिपूर्ती, म्हणजे शासनाकडून शुल्काची भरपाई, मिळत नाही. 'आधी प्रवेश घ्या, शिष्यवृत्ती नंतर होईल' असे तिथे कोणी म्हणाले तर ते लेखी मागा. कोणीही देत नाही.

९. प्रवेश झाल्यावर

पहिल्याच आठवड्यात तुमचे नीटचे गुण, तुमचा प्रवर्ग आणि तुमचे आडनाव यांची चौकशी होईल. बहुतेक वेळा ती कुतूहलापोटी असते, कधी नसते. मे २०१९ मध्ये मुंबईत पदव्युत्तर शिक्षण घेणाऱ्या डॉ. पायल तडवी यांच्या मृत्यूनंतर जातीवरून होणाऱ्या छळाची उघड चर्चा झाली. त्या स्वतः तडवी भिल्ल समाजातल्या होत्या, म्हणजे आदिवासीही आणि मुसलमानही. असे काही घडू लागले तर तारीख, वेळ, शब्द वहीत लिहून ठेवा, निरोप जपून ठेवा आणि समान संधी कक्षाकडे किंवा रॅगिंगविरोधी समितीकडे तक्रार करा. रॅगिंगविरोधी राष्ट्रीय मदतवाहिनीचा क्रमांक १८००-१८०-५५२२ आहे आणि मन फार खचले असेल तर टेलिमानस या मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो, तिथे मराठीतही बोलता येते.

शेवटचे काम प्रवेशाच्या आदल्या रात्रीचे आहे. महाविद्यालय तुमचे मूळ कागद जमा करून घेते आणि ते पुढे साडेपाच वर्षे त्यांच्याच कपाटात राहू शकतात. प्रत्येक कागद दोन्ही बाजूंनी स्कॅन करा, किमान पाच साक्षांकित प्रती काढा आणि एक संच घरी पत्र्याच्या पेटीत ठेवा. माझ्या वैधता प्रमाणपत्राची त्या संचातली एक प्रत या जूनमध्ये धाकट्या भावाच्या अर्जाला जोडली. या वेळी अभिलेख कक्षात जावे लागले नाही.